शंका असेल तर होय म्हणा

पहाटे पाच वीसला दोह्याचं विमान उतरतं.
सोळा-सतरा तास बसून माणसं
बॅगेच्या तळाशी राहिलेल्या शर्टासारखी दिसतात.
ऑकलंडला बाहेर अजून काळोख,
आत आमच्या टेबलावर दिवस कधीच उगवलेला.

मी लोसालीन. हातमोजे निळे, ब्रश नायलॉनचा.
पासपोर्टवाले पलीकडे काचेत बसतात.
मुदत किती उरली, परतीचं तिकीट कुठंय,
खर्चापुरते पैसे आहेत ना, उतरणार कुठे.
ते माणसं बघतात.
मी बुटांचे तळ.

सुट्टीला येणारे काय काय आणतात!
तीन तऱ्हेच्या टोप्या, प्लगचे अडॅप्टर,
गुडघेदुखीच्या गोळ्या, सोबत डॉक्टरची चिठ्ठी,
विम्याचे कागद प्लॅस्टिकमध्ये, दोन-दोन प्रती.
आणि बाजूच्या खिशात
आपण ठेवलंच नव्हतं असं वाटणारं एक केळं.

कार्डावर ठळक छापलंय,
गेल्या तीस दिवसांत शेतात, रानात, गोठ्यात गेला होतात?
शंका असेल तर होय म्हणा.
नाही म्हणून सापडलात तर चारशे डॉलर.
होय म्हणालात तर नुसते धुऊन देतो, फुकट.

माझी फिने मावशी वावाऊहून आली तेव्हा नाही म्हणाली
आणि झग्याच्या घेरातून दोन कोनफळं निघाली.
मी तिची भाची, हे त्या दिवशी
मी कुणाला सांगितलं नाही.
तिनेही नाही.
पार्किंगमध्ये मात्र तासभर बोलली.

आज वेल्सचा एक म्हातारा. एम्रिस.
कार्डावर होय. खूण इतकी दाबून केलेली
की कागदाच्या मागे उमटलेली.
बूट पिशवीत, पिशवीला गाठ.
काढले तर टाचेच्या खाचांत माती, काळी, चिकट,
वाळूनही न सुटलेली.
कुठली, विचारलं. विचारावंच लागतं.
म्हणाला, बायकोच्या मातीला गेलो होतो.
पाऊस होता.

फॉर्मवर शेत आहे, रान, गोठा, नदीकाठ.
मी 'इतर'वर टिचकी मारली.

कागद दाखवायला त्याने फाईल उघडली,
मी मागितली नव्हती.
कॅम्परव्हॅन दोन नावांची, पैसे परत मिळणार नव्हते.
आणि एक यादी, निळ्या पेनाने, बाईच्या अक्षरात.
मोजे सहा जोड. डासांचं मलम.
एम्रिसचा चष्मा (जुना पण घे).
किटली नको, तिथे असते.
प्रत्येकापुढे बरोबरची खूण.
शेवटच्या ओळीपुढे काही नाही.
बूट, निघण्याआधी धुणे.

विसरलात? मी म्हटलं.
नाही, म्हणाला.

मागे रांग. कुणाचं तरी बाळ
झोपेतच रडत होतं.
मी बूट आत नेले, ट्रेमध्ये ठेवले,
खाचा एकेक करून टोकरल्या, जरा हळू.
हळू केल्याने काही राहत नाही, ते मला माहीत आहे.
औषधाच्या पाण्यातून काढले,
गरम हवेखाली धरले.
उजव्याची नाडी तुटायला आली होती,
ती तशीच ठेवली.

तो दारातून बघत होता.
पाणी कुठे जातं?
टाकीत. नंतर तापवतात.
आणि मग?
मग काही जिवंत उरत नाही, मी म्हणाले.
ट्रेनिंगमध्ये असंच शिकवतात,
लोकांना धीर वाटतो.

बूट हातात घेऊन त्याने उलटे करून पाहिले,
दुकानात बघतात तसे.
थँक्यू म्हणाला. दोनदा.
मग यादी काढली, माझ्याच टेबलावर ठेवली,
माझंच पेन मागितलं.

पेन परत आलं.
पुढे या.
बॅगेत मध, बिया, लाकडाचं काही?
आठवत नाही म्हणता?
मग होय लिहा.